आधी सोय, मग हातोडा

घरमालकाला भाडेकरूकडून जागा परत कधी मागता येते, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे कलम १६ सांगते. त्यातला ‘जी’ खंड मालकाच्या स्वतःच्या गरजेचा. मला किंवा माझ्या घरच्यांना राहायला ही जागा हवी आहे, असे मालक म्हणतो. असा दावा आला की न्यायालयाला पोटकलम दोननुसार आणखी एक गोष्ट तपासावी लागते. जागा खाली करायला लावली तर भाडेकरूचे जे हाल होतील, ते जागा न मिळाल्याने मालकाच्या होणाऱ्या हालांपेक्षा जास्त आहेत का? जास्त असतील तर जागा खाली करण्याचा हुकूमनामा होत नाही. त्याला लागूनच ‘एच’ खंड येतो, तो दुरुस्तीचा. जागा रिकामी झाल्याशिवाय होणार नाही अशी दुरुस्ती करायची आहे आणि ही गरज खरी व वाजवी आहे, एवढे मालकाने पटवले की पुरे. इथे कोणाचे हाल जास्त हा प्रश्नच नाही. भाडेकरू धडधाकट आहे, चाकाच्या खुर्चीत आहे की त्याला दिसत नाही, हे विचारण्याची जबाबदारी कायद्याने न्यायाधीशावर टाकलेली नाही.

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातही मांडणी हीच होती. नव्या कायद्याने ती उचलून घेतली. कायदा करणाऱ्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. मालक स्वतः राहायला आला तर भाडेकरू कायमचा जातो. दुरुस्तीत तो काही दिवस जातो आणि परत येतो. कलम १८ तशी हमीही देते. परत यायचे आहे असे भाडेकरूने सांगितले तर न्यायालय ते हुकूमनाम्यात नोंदवते आणि काम संपल्यावर मालकाने त्याला मूळच्याच अटींवर जागा द्यायची असते. चार महिने मेहुण्याकडे काढले, सामान कुठे तरी टाकले, की झाले.

हा हिशेब ज्याला चालता येते, दिसते, ऐकू येते आणि कुठल्याही संडासात बसता येते अशा माणसाचा आहे. पोलिओने पाय गेलेल्या बाईला मेहुण्याच्या घरच्या तीन पायऱ्या म्हणजे चार महिन्यांची कैद असते. दृष्टी नसलेला माणूस आपले घर पावलांनी पाठ करतो. मोरी किती पावलांवर, चुलीचा ओटा कुठे संपतो, जिन्याची शेवटची पायरी बुटकी आहे, हे त्याच्या अंगात असते आणि नव्या घरात ते सगळे शून्यापासून सुरू करावे लागते. स्वमग्न मुलाच्या आईला विचारा, ड्रिल मशीनच्या आवाजात एक दुपार कशी जाते. दिव्यांग भाडेकरूला नेमके तात्पुरते हलणेच जमत नाही. मालकाच्या गरजेपुढे कायदा त्याच्या हालांचा विचार करतो आणि मालकाच्या सिमेंटपुढे करत नाही, हा भेद मला असमर्थनीय वाटतो. हे म्हणणे मी नंदुरबार जिल्हा समोर ठेवून मांडतो आहे, आणि त्याला कारण आहे.

नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. सहा तालुके, २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास लोकसंख्या, त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी आणि शहरांत राहणारे जेमतेम सतरा टक्के. अशा जिल्ह्यात भाडेकरूंचे हक्क हा मुंबई-पुण्याचा विषय कशाला आणायचा, असे कोणी म्हणेल. पण सातपुड्यातल्या माणसाला लागणारे सगळे नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या चार लहान गावांत साठलेले आहे : कॉलेज, जिल्हा रुग्णालय, न्यायालय, प्रकल्प कार्यालय, तहसील. धडगावच्या पोराला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर तो शहाद्यात किंवा नंदुरबारला खोली करून राहतो. आदिवासी विकास विभागाची स्वयंम योजना त्याला त्यासाठीच पैसे देते. बदलीवर आलेली शिक्षिका, परिचारिका, बाजार समितीतला हमाल, एसटीतला वाहक, मिरचीच्या हंगामापुरते आलेले कुटुंब, सारे भाड्याने राहतात. करार अकरा महिन्यांचा, किंवा करारच नाही.

यांतला दिव्यांग कोण, हे इथे डोळ्यांना नेहमी दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि त्यांत सिकलसेल आजार घातला. भिल्ल, पावरा, मावची वस्तीत हा आजार घराघरांत माहीत आहे. सिकलसेलचा रुग्ण रस्त्याने चालताना चारचौघांसारखाच दिसतो. पण शरीरात पाणी कमी पडले, ऊन किंवा थंडी बाधली, अंगमेहनत जास्त झाली, की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनेचा झटका येतो. पुढे अनेकांच्या मांडीच्या हाडाचा खुबा रक्तपुरवठ्याअभावी खराब होतो आणि विशी-पंचविशीत जिना चढणे अवघड होते. आता दुरुस्तीचा हंगाम कोणता ते आठवा. खानदेशात बांधकाम निघते ते पावसाळ्याच्या तोंडावर, वैशाख-ज्येष्ठात, पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना. नळजोडणी तोडली, मोरी फोडली, टाकी उतरवली, की पाणी समोरच्या गल्लीतून हंड्याने आणायचे. निरोगी माणसाला हा वैताग आहे. सिकलसेलच्या मुलीला तो जिल्हा रुग्णालयाच्या खाटेपर्यंत नेऊ शकतो. अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय मालकाने तोडू नये, असे भाडे कायद्याचे कलम २९ सांगते. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, संडासाची सफाई हे सगळे त्यात येते. मात्र दुरुस्ती हेच पुरेसे कारण, असे मालक सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. भाडेकरू गप्प बसतो, कारण त्याने मालकाला आपला आजार सांगितलेलाच नसतो. सांगितला असता तर खोली मिळाली नसती.

दुरुस्तीने माणूस बाहेर कसा पडतो, हे समजायला गल्लीत उभे राहून पाहावे लागते. नगरपरिषद रस्त्याचे काँक्रिटीकरण करते. जुना थर खरवडून काढण्याऐवजी त्यावरच नवा ओतला जातो आणि रस्ता सहा-आठ इंच वर येतो. दहा वर्षांत असे दोनदा झाले की पावसाचे पाणी घरात शिरते. मालक मग दुरुस्ती काढतो, भरणी करून जोते उचलतो, नवी फरशी बसवतो. त्याचे काहीच चुकत नाही. पण जिथे एक पायरी होती तिथे तीन होतात. सुगम्यतेच्या मानकात उताराचे प्रमाण एकास बारा आहे : एक इंच चढायला बारा इंच लांबीचा उतार. जोते दोन फूट झाले की चोवीस फुटांचा रॅम्प हवा, आणि जुन्या नंदुरबारच्या गल्लीत ओट्यापुढे चोवीस फूट जागा शोधून दाखवावी. वर चकचकीत विट्रिफाईड फरशी येते, तिच्यावर ओल्या कुबडीचे रबर टिकत नाही. संडासाला अडीच फुटी दार लागते. चाकाच्या खुर्चीला ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फूट, मोकळी रुंदी हवी. दुरुस्ती पूर्ण होते, घर पूर्वीपेक्षा देखणे होते, कलम १८ चा हुकूमनामा असेल तर भाडेकरूला परत बोलावलेही जाते. फक्त त्याला आत शिरता येत नाही. ‘मूळच्या अटी’ या शब्दांत भाडे येते, मुदत येते. भिंतीला ठोकलेला आधाराचा दांडा येतो का, यावर कायदा गप्प आहे.

आणि तो दांडा मुळात ठोकता येतो का? भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केले तर कलम १६ खाली तेच त्याला बाहेर काढायचे कारण होते. कायमस्वरूपी बांधकामात काय धरायचे नाही, याची यादी कायदाच देतो : लाकडी पडदी, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळी, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्र, धुराडे. वातानुकूलन यंत्र आठवले, फॉल्स सीलिंग आठवले. रॅम्प आणि संडासातला दांडा कोणाला आठवला नाही. कायद्याच्या मसुद्यात कोणते घर डोळ्यांसमोर होते, हे या यादीइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. या दोन वस्तू यादीत घालायला कोणाचा विरोध असेल, अशी कल्पनाही मला करता येत नाही. आणि तरीही त्या तिथे नाहीत.

एवढे बोललो ते ज्याला भाडेकरू म्हणून कायदा ओळखतो त्याच्याबद्दल. हा अधिनियम अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांपुरता आहे, त्यामुळे गावपाड्यात खोली घेऊन राहणारी आरोग्यसेविका बहुधा त्याच्या बाहेरच राहते. शहरातही आज बहुतेकांकडे असतो तो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, आणि अशा करारावर राहणाऱ्या अनुज्ञप्तीधारकाला कलम १६ चे संरक्षण नाही. त्याच्यासाठी उरते ते १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ६४. पैसे घेऊन दिलेल्या परवान्यावर राहणाऱ्याला त्याची चूक नसताना मुदतीआधी काढले तर तो भरपाई मागू शकतो. भरपाई घर गेल्यानंतरची आहे, हा तिचा दोष. तरीही ती आहे, हे लोकांना माहीत नसते. तसेच, स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा हक्क संपला असला तरी, कायदेशीर मार्गाशिवाय हुसकावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्णराम महाले खटल्यात सांगितले. तो वाद मुंबईतल्या एका उपाहारगृहाचा होता. तत्त्व तळोद्यातल्या खोलीलाही तेच लागते. असे हुसकावलेल्याला विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. ‘भाऊ, सोमवारपासून मिस्तरी येतोय, दोन महिने कुठं तरी सोय बघा’ या वाक्याला कायद्याचे काहीच बळ नाही. बळ असते ते मालकाच्या आवाजाला, आणि डिपॉझिट त्याच्याकडे असण्याला.

मग दिव्यांगांचा कायदा काय करतो? २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि तो कागदावर देशातल्या चांगल्या कायद्यांपैकी एक आहे. कलम ३ भेदभावाला बंदी करते. कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देते. वाजवी सोय, म्हणजे विशिष्ट माणसाच्या अडचणीपुरते केलेले, समोरच्यावर अवाजवी भार न टाकणारे बदल, ही या कायद्याची मध्यवर्ती कल्पना आहे. ती चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांपुरती नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले. लिहिताना हात आखडणाऱ्या परीक्षार्थीला लेखनिक द्यायचा की नाही, असा तो वाद होता. प्रमाणपत्रावर टक्के कमी भरतात म्हणून परत पाठवल्या जाणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांसाठी हा निकाल मोलाचा आहे.

पण इमारतींविषयीची कर्तव्ये या कायद्याने ‘आस्थापनां’वर टाकली आहेत, आणि आस्थापना म्हणजे सरकारी कार्यालय, कंपनी, भागीदारी, सहकारी संस्था, न्यास, कारखाना वगैरे. सहकारी गृहनिर्माण संस्था त्यात बसते. दोन खोल्या भाड्याने देणारा एकटा मालक बसत नाही. सार्वजनिक इमारतीची व्याख्या खासगी इमारतींनाही कवेत घेते, पण लोकांचा वावर असलेल्या : शाळा, दुकान, दवाखाना, देऊळ, न्यायालय. राहते घर त्यात नाही. कलम ८९ चा दंड ‘कोणत्याही व्यक्ती’ला आहे, पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाख, म्हणजे दंड सगळ्यांना आणि कर्तव्य काहींनाच. कलम ९२ मध्ये तर दिव्यांगाच्या सहायक साधनाच्या वापरात मुद्दाम अडथळा आणणे हा सहा महिने ते पाच वर्षे कैदेचा गुन्हा आहे. दुरुस्तीच्या नावाखाली आधाराचा दांडा जाणूनबुजून उखडून टाकणारा यात येतो का? मला वाटते, युक्तिवाद करता येईल. मात्र भाडेकरूने मालकाला तुरुंगात पाठवून मिळवलेल्या घरात शांततेने राहता येत नाही, त्यामुळे हा रस्ता मी कोणाला सुचवणार नाही.

सुगम्यतेच्या बाबतीत सूचना आणि सक्ती यांतला फरक किती मोठा आहे, हे राजीव रतुरी खटल्याने दाखवले. याचिका २००५ ची. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमावलीतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत म्हणून रद्दबातल ठरवला, कारण कायद्याने सक्तीचे केलेले मानक नियमाने नुसत्या मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवर आणले होते. तीन महिन्यांत सक्तीचे किमान नियम करा, असे केंद्राला सांगितले. एकोणीस वर्षांनी एवढे पदरात पडले, तेही सार्वजनिक जागांसाठी. राहत्या घराच्या उंबरठ्यापर्यंत हा निकाल पोचत नाही.

इथे मालकाची बाजू ऐकली पाहिजे, आणि ती हलकी नाही. नंदुरबारचा घरमालक कोणी बिल्डर नसतो. निवृत्त शिक्षक असतो, एसटीतून निवृत्त झालेला मेकॅनिक असतो, नवरा गेल्यावर वरचा मजला भाड्याने देऊन पोरांची शिक्षणे करणारी बाई असते. स्लॅबचे पोपडे पडतात, आतली सळई गंजून दिसू लागते. काम काढले नाही आणि उद्या तुकडा कोणाच्या डोक्यात पडला तर जबाबदार तीच. नगरपरिषदेची धोकादायक इमारतीची नोटीस पावसाळ्यापूर्वी तिलाच येते. तिच्या भाड्यात पर्यायी खोलीचा खर्च कुठून निघायचा? दुसरा आक्षेप आणखी खोल जातो : असे नियम केले तर दिव्यांगाला कोणी खोलीच देणार नाही.

पहिला आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच खर्च एकट्या मालकावर टाकू नये असे माझे मत आहे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने दिव्यांग भाडेकरूला घरात आवश्यक बदल करू देणे मालकावर बंधनकारक आहे, पण खासगी घरात खर्च भाडेकरूचा. आणि मालक स्वतः राहत असलेल्या चार घरांपर्यंतच्या इमारतीला या तरतुदीतून मोठी सूट आहे. इंग्लंडमध्ये घरातल्या बदलांसाठी स्थानिक परिषद अनुदान देते, तीस हजार पौंडांपर्यंत. इंग्लंडची वाट आपल्याला जास्त जवळची आहे, कारण तसा पैसा आपल्याकडे कागदावर आधीच आहे. नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा राज्य शासनाचा आदेश आहे. त्या निधीतून बहुधा वर्षाअखेरीला काही हजार रुपये वाटले जातात, फोटो निघतो. त्यातलाच भाग रॅम्प, रुंद दार, दांडा आणि दुरुस्तीच्या काळातले खोलीभाडे यांसाठी राखून ठेवला तर मालकिणीचा भार हलका होईल. शिवाय यात नगरपरिषदेने उपकार केल्यासारखे काही नाही. रस्ता तिनेच वर घेतला, म्हणून जोते वर गेले. जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा, एवढी एक अट ठेकेदाराच्या कार्यादेशात घातली तर निम्म्या पायऱ्या जन्मालाच येणार नाहीत. आणि दार मोठे करायचे ते भिंत फुटलेली असतानाच. त्या वेळी त्याला काही विटांचा आणि मिस्तरीच्या अर्ध्या दिवसाचा फरक पडतो. नंतर तेच काम पुन्हा तोडफोड मागते.

दुसऱ्या आक्षेपाला माझे उत्तर कमी गोड आहे. आजही दिव्यांगाला खोली मिळत नाही. ‘वरचा मजला आहे, तुम्हाला जमायचं नाही’ असे काळजीच्या सुरात सांगितले जाते आणि दार लागते. नियम केल्यावर काही मालक आणखी सावध होतील, हे खरे धरून चालू. पण हक्क दिल्याने नाराजी वाढेल म्हणून हक्कच नको, हा युक्तिवाद वसतिगृहांच्या, पाणवठ्यांच्या, देवळांच्या बाबतीत महाराष्ट्राने ऐकून झाला आहे आणि नाकारूनही झाला आहे. दिव्यांगांच्या बाबतीतच तो पुन्हा शहाणपणाचा कसा ठरतो?

नंदुरबार डोळ्यांपुढे ठेवण्याचे दुसरे कारण इतिहासातले आहे. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाचा निवाडा १९७९ मध्ये आला. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे जाणार होती, सगळी आजच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. निवाड्याने अट घातली की भरपाई आणि पुनर्वसनाची व्यवस्था झाल्याशिवाय मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातले कोणतेही क्षेत्र बुडवायचे नाही. ती अट किती पाळली गेली, हे त्या गावांपैकी मणिबेलीच्या लोकांना विचारावे. त्यांची उत्तरे फार सौम्य नसतील. पण तत्त्व लिहिले गेले, आणि ते याच डोंगरांसाठी लिहिले गेले. ज्याच्या फायद्यासाठी काम निघते त्याने विस्थापिताची सोय आधी करायची, काम मग काढायचे. धरण आणि न्हाणीघर यांच्या आकारात कितीही फरक असला तरी तत्त्व आकाराप्रमाणे बदलत नाही. ‘परत या, मग बघू’ या आश्वासनाचे काय होते ते सातपुड्याइतके कोणाला ठाऊक आहे?

हे तत्त्व घरभाड्यात आणायला फार मोठा कायदा लागत नाही. कलम १६ च्या पोटकलम दोनमध्ये ‘जी’च्या जोडीला ‘एच’ आणि पाडकामाचे खंड घालावेत, निदान भाडेकरूच्या कुटुंबात दिव्यांग व्यक्ती असेल तेव्हापुरते. मग भाडेकरूचे हाल कमी होतील अशी सोय झाली तर न्यायालयाला दुरुस्ती थांबवावी लागणार नाही. पर्यायी जागा आधी द्या, काम टप्प्याटप्प्याने करा, एक संडास चालू ठेवा, असे ते सांगू शकेल. कलम १८ मध्ये ‘पूर्वीइतकीच वापरता येईल अशा अवस्थेत’ जागा परत देण्याची अट यावी. कायमस्वरूपी बांधकामात न धरायच्या गोष्टींच्या यादीत रॅम्प आणि दांडा यावेत. विधानसभेची वाट न पाहता होण्यासारख्या गोष्टीही आहेत. दिव्यांग कायद्यातल्या खासगी आस्थापनेच्या व्याख्येत शासनाला अधिसूचनेने आणखी आस्थापना घालण्याचा अधिकार दिलेला आहे. पाच-सहा किंवा अधिक खोल्या भाड्याने देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना राज्य सरकार त्यात आणू शकते आणि एक-दोन खोल्यांच्या मालकिणीला बाहेर ठेवू शकते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन भाडेकराराच्या नमुन्यात एक ठरीव कलम घालता येईल : दुरुस्तीची लेखी पूर्वसूचना, कामाची सुरुवात व शेवटची तारीख, त्या काळातले पाणी-संडास, परतीची हमी. करार लेखी आणि नोंदणीकृत असणे भाडे कायद्याच्या कलम ५५ ने सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नमुन्यात जे छापलेले असते त्यावरच लोक सही करतात, हा आपला सार्वत्रिक अनुभव आहे.

तोवर ज्याच्या दारात मिस्तरी उभा आहे त्याने काय करावे? कामाला नकार देऊ नये. ते लेखी मागावे. काय काम, किती दिवस, कुठला भाग बंद, परत कधी. व्हॉट्सॲपवरचे उत्तरही जपून ठेवावे. बाहेर पडण्याआधी दाराची रुंदी, दांडा, उतार यांचे फोटो काढून ठेवावेत. आजार सांगायचा की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, पण सोय मागायची असेल तर गरज सांगावीच लागते. छळ, हिंसा किंवा शोषण होत असेल तर दिव्यांग कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात तहसीलदाराकडे, अर्ज करता येतो आणि तो अर्ज शेजाऱ्यानेही केला तरी चालतो. पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांना हक्क नाकारल्याची चौकशी करण्याचा अधिकार आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा १५१०० वर फोन करावा.

नंदुरबार जिल्ह्यातून विधानसभेत चार आमदार जातात आणि चारही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. सिकलसेल कोणाच्या घरात असतो आणि पुनर्वसनाआधी पाणी आले की काय होते, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कलम १६ च्या दुरुस्तीचे अशासकीय विधेयक पानभराचेसुद्धा होणार नाही. ते या चौघांनी पक्ष बाजूला ठेवून एकत्र मांडावे.